जेवणानंतर झायलिटॉलची गोळी: मुलांच्या दातांसाठी द्यावी की देऊ नये?

बर्फातली_बाभूळ

आम्ही फिनलंडमध्ये राहतो, एस्पोला. धाकटी साडेचार वर्षांची आहे. तिच्या पाळणाघरात दुपारचं जेवण आटोपलं की ताई वाटी घेऊन फिरते आणि प्रत्येक पोराच्या तळहातावर एकेक पांढरी गोळी ठेवते. सुरुवातीला मी हादरलेच, रोज जेवल्यावर पेपरमिंट? मग कळलं, ती झायलिटॉलची गोळी. साखरेइतकीच गोड, पण दात न किडवणारी. तिकडे यात कुणाला काही नवल वाटत नाही.

या मे महिन्यात पुण्याला आले तेव्हा गोळ्यांचा डबा सोबत होता. सासूबाईंनी वास घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "दात किडू नयेत म्हणून गोड खायचं? तुमच्याकडचं सगळं उलटंच." इकडे माझा सहा वर्षांचा पुतण्या. चार दाढांत सिमेंट आणि एका दुधाच्या दाढेचं रूट कॅनल. त्याची दोन वर्षांची बहीण रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपते. "दुधाचेच दात, पडायचेत की" हे वाक्य मी महिन्याभरात तीन जणांकडून ऐकलं.

मला समजलं ते असं. दात किडवणारे जंतू, मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, साखर खाऊन आम्ल सोडतात. झायलिटॉल ते आत ओढून घेतात, पण पचवता येत नाही, म्हणजे मेहनत फुकट जाते. शिवाय गोड चघळल्यामुळे लाळ सुटते ती वेगळीच. मुलांची साखर आपण पूर्ण तोडू शकत नाही हे मान्य करून निदान खाण्यानंतर एक गोळी द्यावी, असं माझं मत. तुमचं काय?

लिंबाची_काडी

मत स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हा साखरेच्या दुखण्यावर साखरेच्या मावसभावाचा उतारा आहे.

फिनलंडचा गाजलेला प्रयोग तुर्कू शहरातला, १९७०च्या दशकातला. त्यात सव्वाशेच्या आसपास लोक होते, बहुतेक मोठी माणसं, आणि झायलिटॉलच्या गटाच्या आहारातली जवळजवळ सगळी साखर काढून तिथे झायलिटॉल घातलं होतं. दोन वर्षांत कीड फारच कमी झाली. होणारच! साखरच नाही तर किडणार काय? त्यावरून "जेवणानंतर एक गोळी" हा निष्कर्ष निघत नाही. आणि १९७५च्या सुमारास झायलिटॉलचं मोठं उत्पादन सुरू केलं ते तिथल्याच साखर कंपनीनं, हेही लक्षात असू द्या.

२०१५ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले. हाती काय लागलं? फ्लोराइडच्या पेस्टमध्ये झायलिटॉल मिसळलं तर मुलांमध्ये अडीच-तीन वर्षांत कीड साधारण १३ टक्के कमी. त्या पुराव्याचा दर्जाही कमी. गोळ्या, च्युइंगगम, सिरप यांच्याबद्दल ठाम काही सांगण्याइतका पुरावा नाही. आणि मुलाला काय शिकवतोय आपण? प्रत्येक जेवणानंतर तोंड गोड हवंच!

बर्फातली_बाभूळ

@लिंबाची_काडी, तुर्कूबद्दल मान्य. पण मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात दहा वर्षांच्या मुलांना शाळेत च्युइंगगम देऊन तीन वर्षांहून जास्त काळ तपासलं, तिथे साखर कुणी काढली नव्हती. आणि "पुरावा अपुरा" म्हणजे "उपयोग नाही" असं थोडंच?

सवयीचं म्हणाल तर फिनलंडमध्ये मुलांना चॉकलेट फक्त शनिवारी. गोळी रोज, चॉकलेट शनिवारी, आणि पोरं ते पाळतात. आपल्याकडे शाळेत वर्गात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, मग शनिवार कशाला लागतो.

खडीसाखर_आजी

आम्ही गूळ खाल्ला, चिक्की खाल्ली, पण खाल्लं की चूळ भरायची ही शिस्त होती. माझे सत्तरीतही बावीस दात शाबूत आहेत. हल्ली मूल दिवसभर काही ना काही तोंडात टाकत असतं, त्यात ही आणखी एक गोळी. चूळ फुकट आहे बाई.

दंतकथा

मी दंतवैद्य, लहान मुलांचेच दात बघते. आजींची चूळ चांगली, पण गूळ दातांना साखरेपेक्षा बरा असतो हा गैरसमज काढून टाका. गूळ, मध, खजूर, सगळ्यात तीच शर्करा, वर चिकटपणा. चिकट आणि अधूनमधून, ही जोडी सगळ्यात घातक. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात व्हिपेहोल्मच्या मानसिक रुग्णालयातल्या लोकांना चिकट टॉफ्या चारून हे तपासलं होतं. आज तो प्रयोग वाचूनही शरम वाटते, पण निष्कर्ष खरा निघाला: तीच साखर जेवणासोबत खाल्ली तर नुकसान कमी, दोन जेवणांच्या मध्ये चिकट रूपात खाल्ली तर भरपूर.

खाल्ल्यावर तोंडातलं आम्ल वाढतं आणि लाळेला ते पूर्ववत आणायला साधारण अर्धा तास लागतो. दिवसातून सहा वेळा बिस्किट म्हणजे दात तीन तास आम्लात. पुतण्याच्या दाढांचं गणित तिथे आहे.

आता झायलिटॉल. मी विरोधात नाही, पण ते तिसऱ्या नंबरचं शस्त्र. पहिलं, फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. "गिळेल म्हणून बिनफ्लोराइडची गोड पेस्ट" हे आईबाबांचं आवडतं पाप. दुसरं, रात्रीची बाटली बंद. ती द्यायचीच तर पाण्याची. सर्दी-खोकल्याच्या औषधातही साखर असते, तेव्हा रात्री सिरप दिलं तर नंतर पाणी पाजा.

गोळी द्यायची तर दिवसाला साधारण ५ ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून. दिवसातून एकदा एक चघळली तर गंमत म्हणून ठीक. पाकिटावर बघा: घटकांत झायलिटॉल पहिलं हवं, किंवा ९६७ हा त्याचा घटक-क्रमांक. बरीच "शुगर फ्री" च्युइंगगमं मुख्यतः ४२० म्हणजे सॉर्बिटॉलची असतात. सॉर्बिटॉल जंतू हळू का होईना पचवतात. आणि चार वर्षांच्या आतल्याला गोळी-च्युइंगगम देऊच नका, घशात अडकतं.

लिंबाची_काडी

@दंतकथा, म्हणजे तिसरा नंबर, आणि तोही दिवसातून चार वेळा. हे कुठल्या आईला जमणार, आणि या गोळ्या आपल्याकडे साखरेच्या कितीतरी पट महाग. खिशाला परवडतं त्यांच्याच मुलांचे दात वाचवायचे का?

शिवाय २०२४ मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आलेला अभ्यास वाचला असेल: रक्तात झायलिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकाराच्या घटना जास्त.

दंतकथा

वाचला. मोठी माणसं होती ती, आणि बरीच आधीपासून हृदयविकाराच्या जोखमीची. प्रयोगात एकाच वेळी ३० ग्रॅम पाजलं होतं. ५ ग्रॅमच्या मुलाला तो निष्कर्ष लावता येत नाही, पण "नैसर्गिक आहे, कितीही द्या" असंही नाही. झायलिटॉल पूर्वी बर्चच्या लाकडापासून करत, आता मक्याच्या बुरकुंडापासूनही करतात, म्हणून काही ते भाकरी होत नाही.

खर्चाचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

रव्याचा_लाडू

कुणी मागच्या दिवाळीतला माझा पराक्रम करू नये म्हणून लिहिते. साखरेऐवजी झायलिटॉल घालून रव्याचे लाडू केले. एक तर तोंडात विरघळताना ते गार लागतं, त्यामुळे तूप-वेलदोडा-पेपरमिंट अशी चव. दुसरं म्हणजे पोरांनी चार-चार खाल्ले, आणि संध्याकाळभर घरातल्या दोन्ही संडासांना आराम नव्हता. पाक घट्ट होतो तसा हा होत नाही, चिक्की तर विसराच. स्वयंपाकात नको, एवढंच सांगते.

मोत्याचा_मालक

मुलांचं राहू दे, घरात कुत्रा असेल तर डबा उंच ठेवा. कुत्र्याच्या शरीरात झायलिटॉलनं इन्शुलिन उसळतं, साखर झपाट्यानं खाली येते, जास्त झालं तर यकृत जातं. माणसाला पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही, कुत्र्याला थोडंही चालत नाही.

वणीकर

यवतमाळकडून एक शंका. आमच्याकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. शाळेत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. इथे दोन वेळा फ्लोराइड पेस्ट म्हणजे आगीत तेल नाही का? अशा ठिकाणी झायलिटॉल खरंच उपयोगी पडेल असं वाटतं.

दंतकथा

@वणीकर, चांगला प्रश्न, आणि बाभूळताईंच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, जो त्यांनी मांडलाच नाही. डाग दात घडत असताना, म्हणजे लहानपणी रोज पोटात जाणाऱ्या फ्लोराइडमुळे पडतात, आणि त्यात मोठा वाटा पाण्याचा. आधी पिण्याचं पाणी तपासून घ्या आणि सुरक्षित स्रोत शोधा. पेस्ट पूर्ण बंद करू नका, पण दाण्याएवढीच, थुंकायला शिकवून, कुणीतरी शेजारी उभं राहून. त्या गावांत झायलिटॉलला जागा आहे, हे मीही मान्य करते.

आणखी एक, जो या धाग्यात कुणी काढला नाही. फिनलंडमध्येच आयांना, मुलं तीन महिन्यांची असल्यापासून दोन वर्षांची होईपर्यंत, झायलिटॉलचं च्युइंगगम दिलं. मुलांना काहीच नाही. पाच वर्षांची झाली तेव्हा त्या मुलांमध्ये कीड फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सुमारे ७० टक्के कमी निघाली. जंतू आईच्या लाळेतून जातात, तोच चमचा, तीच फुंकर. सगळ्या देशांत इतका ठळक फरक आला नाही, पण मला पटतं ते हे, की गोळी आधी आईनं खावी.

लिंबाची_काडी

हे नवीन होतं. आईनं खाण्याला माझा विरोध नाही. मुलांच्या बाबतीत मी अजून चुळीच्या बाजूनं.

बर्फातली_बाभूळ

जावेशी बोलले. बाटली ती बंद करणार आहे, आज तिसरी रात्र, घरात सगळ्यांचे डोळे लाल. पेस्ट बदलली. पुतण्याला गोळी दिली तर "ही टूथपेस्टच आहे" म्हणून थुंकली. सासूबाई मात्र दुपारच्या जेवणानंतर रोज दोन घेतात आणि वर विचारतात, निघताना हा डबा इथेच ठेवणार ना?