इंग्लंडमधला किल्ला शतकानुशतके एकाच घराण्यात राहतो, तो कसा?

महालवाला: १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि नागपूरचं राज्य खालसा झालं. इकडं ॲनिकचा किल्ला १३०९ पासून पर्सींकडे, बर्कलीचा बाराव्या शतकापासून बर्कलींकडे. यांच्यात कोणी निपुत्रिक मेलंच नाही काय?

धंतोली_वकील: मेले ना भाऊ, पण किताब आणि किल्ला यांचे वारस वेगळे निघू शकतात. १६७० मध्ये अकरावा अर्ल (हा सरदारकीचा किताब) जोसलिन पर्सी वारला, मागे एकटी मुलगी एलिझाबेथ. अर्लपद फक्त पुरुष वंशाला, म्हणून ते बुडालं. इस्टेट मुलीकडे गेली. तिच्या नातीनं १७४० मध्ये यॉर्कशायरच्या ह्यू स्मिथसनशी लग्न केलं. त्यानं १७५० मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं पर्सी हे नाव घेतलं आणि १७६६ मध्ये ड्यूक झाला. म्हणजे आजचे पर्सी बापाकडून स्मिथसनच! इंग्लंडात १९२६ पर्यंत कायदेशीर दत्तक नव्हताच, मग जावयानं आडनाव बदलायचं. डलहौसीच्या देशात हे चालत होतं, बरं का.

दस्तऐवज: बर्कलींचं प्रकरण तर याहून भारी. १४१७ मध्ये थॉमस बर्कली वारला. मुलगी म्हणे माझं, पुतण्या जेम्स म्हणे पुरुष-वारसाच्या बंधनानं, म्हणजे इस्टेट पुरुष वंशातच जावी या अटीनं, माझं. किल्ला जेम्सला मिळाला, भांडण मात्र मिटलं नाही. १४७० मध्ये निब्ली ग्रीनला त्या मुलीचा पणतू लॉर्ड लाइल लढाईत मारला गेला आणि कोर्टातला निकाल लागला १६०९ मध्ये. मधेच विल्यम बर्कलीनं भाऊ मॉरिसला डावलून किल्ला राजा सातव्या हेन्रीच्या पुरुष वंशाला लिहून दिला. विल्यम १४९२ मध्ये गेला. १५५३ मध्ये सहावा एडवर्ड वारल्यावर तो पुरुष वंश संपला, तेव्हा कुठं किल्ला परत आला.

महालवाला: पण एखादा उधळ्या वारस विकून मोकळा का नाही होत?

धंतोली_वकील: विकायचा हक्कच त्याच्या हातात ठेवत नसत. सतराव्या शतकापासूनची रीत अशी: थोरला मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप-लेक मिळून इस्टेटीवरचं जुनं बंधन मोडायचे आणि लगेच नवं घालायचे. मुलाला तेव्हापासून वार्षिक नेमणूक (ठरलेली रक्कम) सुरू, बापामागे हयातभर उपभोग, मालकी मात्र अजून न जन्मलेल्या नातवाला. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. मुलगा नेमणुकीसाठी सही करून बसायचा, खरी मेख तिथंच. मात्र विधवांच्या नेमणुका आणि धाकट्या भावंडांचे वाटे त्याच जमिनीवर चढत जायचे, आणि छत गळायला लागलं तरी दुरुस्तीला पैसा नसायचा. म्हणून १८८२ च्या कायद्यानं उपभोक्त्याला जमीन विकू दिली. मुख्य वाड्याला मात्र विश्वस्तांची किंवा कोर्टाची संमती हवी, आणि पैसा विश्वस्तांकडे.

दस्तऐवज: १८९४ मध्ये मृत्यूनंतरचा इस्टेट कर आला, तो सुरुवातीला जास्तीत जास्त ८ टक्के होता. आता वारसाकर ४० टक्के. वास्तू ऐतिहासिक ठरली, तिची निगा राखली आणि लोकांना आत सोडलं तर तो पुढं ढकलता येतो. विकली की भरा. तिकीट काढून किल्ला दाखवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.