९७.८४ पर्सेंटाइलवर मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळण्याची शक्यता कशी अजमावावी?

भांडुपचा पालक

माझ्या मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात ९७.८४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. तिची बारावी मुलुंडला झाली. प्रवर्ग ओबीसी असून जात वैधता प्रमाणपत्र हाती आहे. माटुंग्याला आजीकडे जाताना व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचे फाटक दिसले की आठवीपासून ती एकच वाक्य बोलत आली आहे, आणि निकालाच्या दिवसापासून ते वाक्य तिने उच्चारलेले नाही. मी तीन संकेतस्थळांवर तिचा निकाल भरून पाहिला आणि तिन्हींनी वेगवेगळी महाविद्यालये सांगितली. घरी आजारपण असल्यामुळे तिला वसतिगृहात ठेवणे शक्य नाही, त्यामुळे विचार मुंबईपुरताच आहे. आपली शक्यता किती, हे पालकाने स्वतः कसे ताडून पाहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

माटुंगेकर

दादा, सर्वप्रथम पर्सेंटाइलचे (शेकडा किती परीक्षार्थी आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, त्या आकड्याचे) विद्यार्थ्यांच्या संख्येत रूपांतर करा. २०२५ मध्ये पीसीएम गटाला बसलेल्यांची संख्या चार लाखांहून अधिक होती, म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे चार हजार विद्यार्थी. तेवढेच विद्यार्थी यंदाही धरले, तर ९७.८४ ला आपल्या मुलीच्या पुढे नऊ हजारांच्या आसपास मुले असतील. त्यांतील काही आयआयटीला किंवा राज्याबाहेर जातील आणि काही कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, नोंदणीच करणार नाहीत, म्हणून गुणवत्ता यादीतील क्रमांक यापेक्षा बरा येतो. तो क्रमांक हाती आला की पर्सेंटाइल बाजूला ठेवा, कारण परीक्षार्थींची संख्या दरवर्षी बदलते आणि तेच ९७.८४ एका वर्षी एका क्रमांकाला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्याच क्रमांकाला येते.

त्यानंतर सीईटी कक्षाने प्रसिद्ध केलेल्या मागील वर्षाच्या कटऑफ याद्या, म्हणजे कोणत्या जागेवर शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला त्या याद्या, उघडा. प्रत्येक चौकटीत गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असते, आणि स्तंभाच्या माथ्यावरील अक्षरांतच खरी माहिती दडलेली असते. पहिले ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठीच्या ३० टक्के जागा, मध्ये प्रवर्ग, शेवटचे ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय, ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठातील आणि ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठीची जागा. आपल्या मुलीचा विचार एल-ओबीसी, जी-ओबीसी, एल-ओपन आणि जी-ओपन या चारही स्तंभांत होतो. बहुतेक पालक एकच स्तंभ पाहतात आणि तेवढ्यावरून निराश होतात, याचे मला दरवर्षी वाईट वाटते. (गृह विद्यापीठ बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरते, राहत्या पत्त्यावरून नव्हे. मुंबईची जी मुले शिकवणीसाठी लातूरला जाऊन तिथूनच बारावी देतात, त्यांच्या पालकांना हे फार उशिरा कळते.)

आता आपल्या मुलीविषयी स्पष्टच लिहितो. व्हीजेटीआयमध्ये कॉम्प्युटरचा खुला कटऑफ अलीकडच्या वर्षांत ९९.८ च्या आसपास किंवा त्याहून वर राहिला आहे, आणि ओबीसीचाही ९९ च्या खाली उतरलेला नाही. तिथे कॉम्प्युटर मिळणार नाही, असे मानूनच चाला. मात्र त्याच संस्थेत सिव्हिल, प्रॉडक्शन आणि टेक्स्टाइल या शाखांचे आकडे बरेच खाली असतात. तिला ती संस्था हवी आहे की ती शाखा, हे तिलाच शांतपणे विचारा. शाखा हवी असेल तर चेंबूरचे विवेकानंद, वांद्र्याचे थडोमल शहानी आणि विलेपार्ल्याचे संघवी या महाविद्यालयांच्या याद्या पाहा. पहिली दोन सिंधी आणि तिसरे गुजराती भाषिक अल्पसंख्याक संस्था असल्याने निम्म्याहून अधिक जागा त्या समाजांसाठी राखीव असतात, आणि उरलेल्या जागांसाठीची चुरस त्यामुळेच तीव्र होते.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत विकल्प भरता येतात. क्रम शक्यतेनुसार न लावता आवडीनुसार लावावा, कारण संगणक गुणवत्ता क्रमांकाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. वरचे विकल्प न मिळाल्याने खालच्या विकल्पांवरचा हक्क कमी होत नाही.

ऐरोलीची आई

माटुंगेकरांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड देते. २०२५ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला विकल्प, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादा आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप गोठवली जात असे आणि पुढच्या फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडत असे. म्हणून जिथे खरोखर जायचे नाही, असे नाव पहिल्या सहांत केवळ जागा भरायची म्हणून ठेवू नये. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेतून अवश्य तपासावा.

दुसरी गोष्ट आमच्या घरात घडलेली आहे. आम्हीही ओबीसी. मुलाचे नॉन-क्रीमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र ३१ मार्चला संपले होते आणि ते माझ्या लक्षात आले जूनमध्ये. अर्ज केल्याची पावती जोडून फॉर्म भरला, पहिल्या फेरीत राखीव जागेवर चांगले महाविद्यालय मिळाले, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही आणि तो खुल्या गटात गेला. ती जागा गेली. रोज दुपारी मी त्या कार्यालयाच्या बाकावर बसून असे, आणि रोज उद्या या असे सांगितले जाई. भाऊ, जात वैधता आपल्याकडे आहे हे उत्तम, परंतु नॉन-क्रीमीलेयरवरची वैधतेची तारीख आजच काढून पाहा. ती येत्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी.

माटुंगेकर

ताईंनी लिहिले ते माझ्याकडून राहून गेले होते, त्यांचे आभार. शुल्काचेही सांगतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींना कॅपमधून मिळालेल्या प्रवेशावर शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. त्यामुळे केवळ शुल्क पाहून एखादे खासगी महाविद्यालय यादीतून काढू नका.

भांडुपचा पालक

आपणा दोघांचे मनापासून आभार. प्रमाणपत्र काढून पाहिले, त्यावरची मुदत संपलेली आहे. उद्या सकाळी सेतू केंद्र उघडताच जाणार आहे. मुलीला काल रात्री विचारले. ती म्हणाली, शाखाच हवी. तरीही पहिल्या क्रमांकावर व्हीजेटीआयचे कॉम्प्युटर तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, आणि त्याखालचे बारा विकल्प आम्ही चारही स्तंभ पाहून लावत आहोत.