पार्ट-टाइम कामावर 9,600 टीडीएस कापलाय, पहिलं रिटर्न कोणत्या फॉर्मात भरू?

टीवाय_वाला
एप्रिल 2025 ते मार्च 2026 या वर्षाचं रिटर्न पहिल्यांदाच भरायचंय. कमाई दोन ठिकाणची आहे. चार महिने कॅफेत, महिना 9,000, कापाकापी काही नाही. पुढे आठ महिने एका क्लासमध्ये डाउट-सेशन आणि पेपर तपासणी, ठरलेले 12,000, हातात 10,800; बाकीचे 1,200 टीडीएस (मोबदल्यातून आधीच कापलेला कर). फॉर्म 16 (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) मागितला तर म्हणाले, पार्ट-टाइमवाल्यांना तो नसतो. बचत खात्याचं व्याज 740. रिटर्न सक्तीचं आहे का? कापलेले पैसे परत येतात का? आयटीआर-1 (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) उघडला, तर त्यात पगार कोराच दिसतोय.

चलन_पावती
सक्ती नाही. नव्या करपद्धतीत या वर्षी 4 लाखांपर्यंत कर नाही, तुमची सगळी मिळून कमाई 1,32,740. उत्पन्न कमी असलं तरी वर्षात टीडीएस 25,000 किंवा जास्त कापला गेला असता तर रिटर्न भरावंच लागलं असतं; तुम्ही त्याच्या खूप खाली आहात. पण 9,600 परत हवे असतील तर रिटर्नशिवाय दुसरा मार्ग नाही. आयकर खातं स्वतःहून पैसे पाठवत नाही.

वर्ष निवडताना करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं, रिटर्न भरण्याचं वर्ष) 2026-27 घ्या. नव्या कायद्याने 1 एप्रिल 2026 पासून ‘कर वर्ष 2026-27’ सुरू झालंय, ते वेगळं. आकडे तेच असल्याने गोंधळ होणारच.

सोपं_करा
एवढ्याशा रकमेला कशाला डोकेफोड? आयटीआर-1 मध्ये सगळं पगार म्हणून टाका, स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी वजावट) 75,000 मिळेल, झालं काम.

कलम_बघा_आधी
असं करू नका, पहिलं रिटर्न अडकतं ते नेमकं इथेच.

कायद्यात ‘पार्ट-टाइम’ असा वेगळा कप्पाच नाही. तुम्ही नोकर होता की बाहेरून काम करून देणारे, एवढंच बघतात, आणि क्लासने तुम्हाला काय धरलंय ते टीडीएसच्या कलमावरून कळतं. फॉर्म भरण्याआधी आयकर पोर्टलवर ई-फाइल मेनूतून 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा) उघडा. क्लासच्या नावापुढे 192 असेल तर तो पगार. सरसकट 10 टक्के कापलेत म्हणजे तिथे बहुधा 194जे असेल, म्हणजे व्यावसायिक मानधन. या वर्षी वर्षाला 50,000 च्या वर मानधन गेलं की 10 टक्के कापावेच लागतात. पगारावर असे सरसकट कापत नाहीत. वर्षाच्या अंदाजी करावरून कापतात आणि तुमचा तो शून्यच येतो. फॉर्म 16 न मिळण्याचं कारणही हेच. तो पगारदाराचा. मानधनवाल्याला फॉर्म 16ए मिळतो, दर तिमाहीला. तो मागा, नाही म्हणायची सोय त्यांना नाही.

आता 194जे ची रक्कम पगार म्हणून दाखवली, तर खात्याकडची नोंद आणि तुमचं रिटर्न जुळत नाही. मग सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते, उत्तराला 15 दिवस, आणि तोवर रिफंड थांबलेला. शिवाय स्टँडर्ड डिडक्शन फक्त पगारावर आहे, मानधनावर नाही.

तुमचं गणित असं. कॅफेचा पगार 36,000. स्टँडर्ड डिडक्शन 75,000 किंवा पगार यातलं जे कमी ते, म्हणून इथे शून्य उरला. क्लासचे 96,000, त्यातून त्या कामासाठी खरोखर झालेला खर्च वजा (प्रवास, इंटरनेटचा हिस्सा, प्रिंट), समजा 8,000. उरले 88,000. व्याज 740. एकूण 88,740, कर शून्य, रिफंड पूर्ण 9,600.

आठ महिने सलग केलेलं काम हा व्यवसायच, म्हणून फॉर्म आयटीआर-3. आयटीआर-4 मध्ये निम्मी रक्कम नफा धरण्याची 44एडीए ची सोय ठरावीक पेशांनाच आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट अशांना. शिकवणं त्या यादीत नाही. आयटीआर-3 लांबलचक दिसतो, पण हिशेबवह्या नसणाऱ्यांसाठी नफा-तोट्याच्या पानावर शेवटी छोटा भाग आहे: एकूण जमा, खर्च, निव्वळ नफा. तेवढंच भरा. खर्चाच्या पावत्या जोडायच्या नसतात, जवळ ठेवायच्या.

टीवाय_वाला
194जे च आहे! पण 26एएस मध्ये 8,400 च दिसतायत, 9,600 नाही. आणि कॅफेचं कुठेच काही नाही.

चलन_पावती
1,200 म्हणजे एका महिन्याचा. मार्चचा असेल तर जानेवारी-मार्च तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला क्लासला 31 मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर परत बघा. बुकिंग स्टेटसमध्ये ‘एफ’ दिसलं की रक्कम पक्की. ‘यू’ असेल तर त्यांच्या चलनाशी (सरकारकडे टीडीएस भरल्याच्या पावतीशी) मेळ बसलेला नाही. मधल्याच महिन्याचा गायब असेल तर पॅन चुकीचा टाकला गेला का ते विचारा; दुरुस्ती त्यांनीच भरायची असते, तुमच्याकडून होत नाही. 26एएस मध्ये नसलेली रक्कम रिटर्नमध्ये टाकली तर तेवढी कापूनच रिफंड येतो.

कॅफेचं टीडीएस नसल्यामुळे नाव दिसत नाही. पगार मात्र दाखवायचाच, मालकाचं नाव-पत्ता हाताने भरून.

कलम_बघा_आधी
भरण्याआधी बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करून ‘रिफंडसाठी’ निवडा. पॅनवर आडनाव आधी आणि बँकेत शेवटी, एवढ्यावरही ते अडतं. पॅन-आधार जोडलेले आहेत का तेही बघा, नसतील तर पॅन निष्क्रिय ठरतो आणि रिफंड निघत नाही.

सबमिट केलं म्हणजे रिटर्न भरलं असं नाही. 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करायचं. आधारला जुना नंबर असेल तर तो आत्ताच बदलून घ्या. 31 ऑगस्टच्या आत उरकलंत तर रिफंडवर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज. तुमचं उत्पन्न मर्यादेखाली असल्याने उशीर झाला तरी विलंब शुल्क नाही, पण व्याज मग भरल्या तारखेपासूनच. आणि ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं.

सोपं_करा
माझा सल्ला मागे. 75,000 मानधनाला लागू नाहीत हे डोक्यातच नव्हतं.