फॅटी लिव्हरचं औषध नॉनकोडिंग आरएनएतून येईल असं मला वाटतं, तुमचं काय मत?

धागाकर्ता:
दारू न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्ये पण चरबी साठते आणि काहींचं पुढे सिरॉसिसपर्यंत जातं, २०२३ मध्ये आजाराचं नाव बदलून एमएएसएलडी केलं पण आजार तोच. माझं म्हणणं, इतकी वर्षं सगळे प्रोटीन बनवणाऱ्या जीन्सच्या मागे आहेत आणि तो डीएनएचा जेमतेम २ टक्के भाग. कुठलं जीन किती चालू ठेवायचं यात प्रोटीन न बनवणाऱ्या, म्हणजेच नॉनकोडिंग आरएनएचा मोठा हात असतो, मायक्रोआरएनए हा त्यातलाच छोटा प्रकार. मायक्रोआरएनए ३४ए बघा, फॅटी लिव्हरमध्ये तो वाढतो आणि चरबी जाळायला मदत करणाऱ्या सर्ट१ या जीनला दाबतो, सर्ट१ दबलं की चरबी जाळायचं काम मंदावतं. २२ अक्षरांचा एवढासा तुकडा शेकडो जीन्सवर चालतो, मग त्याच्यावरच औषध का नको?

प्रतिसाद १:
शेकडो जीन्सवर चालतो हीच तर अडचण आहे हो. ३४ए कॅन्सरला अडवणारा पण आहे. फॅटी लिव्हरच्या पेशंटला आधीच लिव्हर कॅन्सरचा धोका, त्याचा ३४ए तुम्ही वर्षानुवर्षं दाबून ठेवणार का? उलट बाजूने कॅन्सरच्या पेशंटना ३४ए ची नक्कल देऊन बघितली, एमआरएक्स३४ नावाने, २०१६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली कारण इम्यून सिस्टिमचे गंभीर साइड इफेक्ट आले. आणि मायक्रोआरएनए १२२ चं तर कोडंच आहे. लिव्हरमधल्या मायक्रोआरएनएपैकी साधारण ७० टक्के हा एकटा. २००६ मध्ये फॅट खाऊ घातलेल्या उंदरांत तो दाबला तर कोलेस्टेरॉल उतरलं, लिव्हरमधली चरबीही कमी झाली, आणि २०१२ मध्ये ज्या उंदरांत तो जन्मापासून काढून टाकला त्यांना फॅटी लिव्हर, फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रणासारखे कडक धागे होणं), पुढे कॅन्सर. आता औषध कुठल्या बाजूला द्यायचं सांगा.

प्रतिसाद २:
औषध राहू द्या, तपासणीचं बोला. माझ्या वडिलांची लिव्हर बायोप्सी झाली तेव्हा बाहेर बसून मी काय अनुभवलं ते मलाच माहीत, सुई न टोचता कळलं असतं तर किती बरं झालं असतं. एनआयएस४ नावाची रक्ततपासणी आहे, त्यात ३४ए आहेच, सोबत अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन आणि वायकेएल-४० ही रक्तातली दोन प्रोटीन्स आणि साखरेची एचबीए१सी. म्हणजे नॉनकोडिंग आरएनएचा उपयोग इथे झालाय ना.

प्रतिसाद १:
वडिलांची काळजी समजते, खरंच. पण त्या तपासणीत पण ३४ए एकटा पुरला नाही, चार गोष्टी मिळून स्कोर निघतो. १२२ चं घ्या, पेशी फुटल्या की तो रक्तात वाढतो, मग कारण चरबी असो, हेपटायटिस असो की पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस. लिव्हर दुखावलं एवढं कळतं, कशाने ते नाही कळत.

धागाकर्ता:
१२२ चा मुद्दा मान्य, मी त्या दोन उंदीर प्रयोगांचा एकत्र विचारच केला नव्हता. पण आरएनए औषध लिव्हरमध्ये पोचवता येतं हे सिद्ध झालंय, गॅलनॅक नावाची साखर जोडली की लिव्हर पेशी ते ओढून घेतात. कोलेस्टेरॉलचं इन्क्लिसिरान असंच चालतं, सुरुवातीचे डोस झाले की सहा महिन्यांनी एकदा इंजेक्शन.

प्रतिसाद १:
पण ते इंजेक्शन कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या पीसीएसके९ या प्रोटीनच्या जीनला गप्प करतं! हत्यार आरएनएचं, निशाणा कोडिंग जीनच. आणि मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोमला अमेरिकेत मंजुरी मिळाली, सिरॉसिसआधीच्या फायब्रोसिससाठीचं या आजाराचं पहिलं औषध, तेही थायरॉइड रिसेप्टरवरच, म्हणजे प्रोटीनवर.

प्रतिसाद ३:
उंदरांवर इतकं बोलताय म्हणून एक भर घालतो, मायक्रोआरएनए ३३बी माणसात आहे, उंदरात नाहीच. आणि लांब नॉनकोडिंग आरएनए तर उंदीर आणि माणूस यांच्यात खूपसे जुळतच नाहीत. माणसाच्या लिव्हर पेशींवर काम वाढवा मग भांडा.

धागाकर्ता:
हे पटलं. तरी ३४ए सोडायला मन तयार नाही. तो कायमचा न दाबता, दाबणारं औषध थोडे महिने देऊन बंद केलं तर कॅन्सरची भीती कितपत उरते, यावर प्रतिसाद १ यांनी लिहावं, मला खरंच ऐकायचंय.