बुद्धिबळामुळे रोजच्या जगण्यात नक्की काय बदललं? तुमचे अनुभव लिहा

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि त्याच स्पर्धेतून थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या बुद्धिबळाच्या क्लासला वेटिंग लिस्ट लागलीये. नागपूरची मुलगी, कौतुक वाटणारच. पण क्लासच्या पत्रकावर लिहिलंय की गणित सुधारतं, बुद्ध्यांक वाढतो, एकाग्रता येते. मी जरा शोधाशोध केली तर इंग्लंडमध्ये शंभरेक प्राथमिक शाळांत हा प्रयोग होऊन गेलाय, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्गात बुद्धिबळ शिकवलं, नंतर वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली, २०१६ ला निकाल छापून आला, शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत काही फरक नाही. म्हणजे गणिताचं सोडाच.

तरी मी लहानपणापासून खेळत आलेय आणि मला मनापासून वाटतं की या खेळातून काहीतरी मिळतं, ते फक्त मार्कांत दिसत नाही. म्हणून हा धागा. ऑफिसात, घरात, शेतात, आजारपणात, कुठे उपयोग झाला ते लिहा. "डोकं शार्प होतं" असं मोघम नको, प्रसंग सांगा. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा, तेही तितकंच हवंय.

सांगली, वय ७१

मी आजोबांकडून देशी पद्धतीने शिकलो. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्याची चाल करता यायची. पुढे नूतन बुद्धिबळ मंडळात जायला लागलो, १९४१ सालचं मंडळ आमचं, भाऊसाहेब पडसलगीकरांनी जीव लावून वाढवलेलं, तिथे खरे नियम कळले आणि चाली लिहून ठेवायची शिस्तही लागली.

मला विचाराल तर या खेळात सगळ्यात मोलाचं काय तर डाव संपल्यावरची पंधरा-वीस मिनिटं. ज्याने आत्ता तुम्हाला हरवलं त्याच्याचबरोबर बसायचं, कागद बघून डाव परत मांडायचा, आणि तोच तुम्हाला सांगतो की काका इथे घोडा मधे आणला असतात तर माझं काही खरं नव्हतं. तेव्हा कळतं की डाव बत्तिसाव्या चालीला गेला असं वाटतं पण हत्ती चुकीच्या घरात चौदाव्या चालीलाच जाऊन बसलेला असतो.

बँकेत मी बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर होतो. खातं थकलं की सगळे पहिला हप्ता कधी चुकला ते बघायचे. मी कर्जदाराला बोलवून चहा द्यायचो आणि त्याच्या आधीचं वर्ष विचारायचो. एकाचं दुकान चांगलं चालत होतं, हप्ते वेळेवर होते, पण थकायच्या बऱ्याच आधी त्याने उधारीवर माल द्यायला सुरुवात केली होती, कारण समोर नवीन दुकान उघडलं होतं. फाईलमध्ये हे कुठेच नव्हतं. वसुलीची नोटीस काढण्याऐवजी हप्ते लांबवून दिले, खातं सुरळीत झालं. मागे मागे जात पहिली ढिली चाल शोधायची ही सवय मला पटावरूनच लागली याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

निफाड, वय ३८

द्राक्षबाग आहे. कॉलेजला असताना टीममध्ये होतो, आता मोबाईलवर. आमच्या सरांनी एकच गोष्ट डोक्यात ठोकली होती, स्वतःची चाल शोधायच्या आधी समोरच्याने ही चाल का केली ते विचार. बागेत तेच करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की आजूबाजूला सगळ्यांचे ब्लोअर सुरू होतात, शेजारचा मारतोय म्हणून आपण पण मारायचं. मी आधी सकाळी पानं उलटून बघतो, पानाखाली पांढरं दिसतंय का, पान किती तास ओलं राहिलं, फूट कुठल्या अवस्थेत आहे. डावणीला, म्हणजे पानांवरच्या त्या बुरशीच्या रोगाला, पुढे काय करायचंय ते समजलं की फवारणी ठरवतो, कधी लगेच मारतो कधी थांबतो.

पण काकांसारखं पूर्ण श्रेय मी देणार नाही. पटावर सगळं उघडं असतं, समोरच्याचा वजीर कुठे आहे ते तुम्हाला पण दिसतं त्याला पण दिसतं. शेतीत तसं नाही. व्यापाऱ्याच्या मनात काय भाव आहे, पुढच्या आठवड्यात गारपीट आहे का, कोणी काही दाखवत नाही. आमच्या गावात एक व्यापारी माल उचलून पैसे न देता गेला, तिथे दहा चाली पुढचं बघणारा पण काही करू शकला नसता. ज्यांना वाटतं बुद्धिबळ शिकला की माणूस व्यवहारात हुशार होतो त्यांनी हे लक्षात घ्यावं.

मुंबई, वय ६३

मी वेगळं सांगते. वासंती, जयश्री, रोहिणी, बुद्धिबळ खेळणाऱ्या तिन्ही खाडिलकर बहिणींचे फोटो पेपरात यायचे आणि आम्ही कापून ठेवायचो. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, माझ्याच वयाची मुलगी, तेरा वर्षांची! विरोध झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं की बायकांना अडवता येणार नाही. ते वाचून मी वडिलांच्या मागे लागून शिकले.

नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या स्पर्धेत मी एकटीच बाई. आमच्या विभागाचे मोठे साहेब समोर आले. इतर वेळी त्यांच्या केबिनमध्ये मी फाईल ठेवून निघायचे, काही विचारलं तर ते उत्तर हेडक्लार्ककडून घ्यायचे. त्या दिवशी अडीच तास समोरासमोर बसलो, हत्ती-प्याद्यांच्या शेवटात मी जिंकले, त्यांनी हात मिळवला. नंतर एका टेंडरच्या कागदांवर त्यांनी मला बोलवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं. माझी बुद्धी काल होती तेवढीच आज होती ना, फक्त आता ती त्यांना दिसली होती. आजच्या मुलींना हे कदाचित किरकोळ वाटेल, पण मला ते फार मोठं होतं.

पुणे, वय ४१

तोट्याचं पण लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते. मुलगा अकरा वर्षांचा, फिडे रेटिंग आहे. लहान मुलांच्या रेटिंगचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो, म्हणजे एका स्पर्धेत शंभर पॉइंट वर, पुढच्या स्पर्धेत तितकेच खाली. हॉलच्या बाहेर आम्ही आया-बाबा सतरंज्या टाकून बसलेलो, मूल बाहेर आलं की पहिला प्रश्न "जिंकलास का?", डाव कसा झाला हे कोणी विचारत नाही. एका बाबांनी तिथेच मोबाईलवर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) लावून मुलाला दाखवलं की बघ, इथे जिंकत होतास, ते पोर ढसाढसा रडत होतं आणि अर्ध्या तासात त्याची पुढची फेरी होती. हे बघून आम्ही दोघांनी ठरवलं, वर्षभर स्पर्धा बंद, फक्त घरी आणि बागेतल्या आजोबांशी खेळायचं. सांगलीच्या काकांनी लिहिलंय ते हरवणाऱ्याबरोबर डाव परत मांडणं आता त्याला आवडायला लागलंय, ते वाचून मला फार बरं वाटलं.

नागपूर, वय २९

बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, चार-चार तास. त्यांचा एक हात हलवता येत नाही. मी बेडवर मॅग्नेटचा पट ठेवते आणि ते नुसतं घर सांगतात, चाल मी करते. आधी आम्ही त्या चार तासांत रिपोर्ट आणि पाणी किती प्यायलात यावरच बोलायचो. बाकी फायदा काय माहीत नाही, हा मात्र आहे.

ठाणे, वय ३४

मी पूर्ण अंध आहे. आमच्या पटाला प्रत्येक घरात भोक असतं, काळी घरं जराशी उंच, मोहऱ्यांना खाली खुंटी आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक, म्हणजे हात फिरवला की सगळी स्थिती कळते. नुसता हात लावला म्हणजे टच पीस (हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं तो नियम) नाही, खुंटी भोकातून उचलली तरच. डोळस माणसाबरोबर खेळताना दोघांचे दोन पट असतात आणि चाल तोंडाने सांगायची. पटाच्या उभ्या ओळींची ए-बी-सी-डी ही नावं ऐकताना घोटाळा होतो म्हणून अॅना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर.

लोक मला विचारतात की यामुळे रस्ते लक्षात राहतात का. नाही हो, रस्ते काठीने आणि सवयीने लक्षात राहतात. फायदा दुसरीकडे झाला. हॉटेलात वेटर माझ्या बायकोला विचारतो "हे काय घेणार?", ऑफिसात नवीन आलेला माणूस माझं काम शेजारच्याला विचारतो. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत पट मांडतो तेव्हा समोरच्याला माझ्याशीच बोलावं लागतं, "ईव्हा चार" असं मला सांगावं लागतं आणि माझं उत्तर ऐकून घ्यावं लागतं. जे माझ्याबरोबर चार डाव खेळलेत ते नंतर काम पण थेट माझ्याशी बोलतात, एकही अपवाद नाही. मुंबईच्या ताई, तुमचा साहेबांचा प्रसंग मी बायकोला मुद्दाम वाचून दाखवायला सांगितला.

नाशिक, वय ३३

छान धागा. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, क्लास नको वाटतोय, घरी कसं सुरू करू? सगळे मोहरे एकदम सांगितले तर कंटाळते.

सांगली, वय ७१

ताई, सगळे मोहरे काढून ठेवा. दोघांची आठ-आठ प्यादीच मांडा, ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या ओळीत पोचेल तो जिंकला. दोन-तीन आठवडे तेवढंच खेळा. मग दोन राजे ठेवा. वजीर अगदी शेवटी द्या, आधी दिला तर मुलं दुसऱ्या कशाला हातच लावत नाहीत.