शिफारस करताना ‘भूत खरं आहे की नाही’ हे आधीच सांगावं का?

टिटवी
भयकथा आणि थरारकथा वाचणारे एकमेकांना सतत पुस्तकं सुचवत असतात. पण ‘जबरदस्त आहे, रात्री एकट्याने वाचू नका’ याच्या पुढे गाडी सहसा जात नाही, आणि एवढ्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. माझं मत सरळ आहे. पुस्तकात अमानवी शक्ती खरोखर आहे, की शेवटी सगळ्यामागे माणसाचाच हात निघतो, हे शिफारशीच्या पहिल्या ओळीत सांगून टाकावं.

कारण हे वाचकच दोन वेगळे आहेत. एकाला वाड्यातला वावर खरा हवा असतो. शेवटच्या प्रकरणात ‘पुतण्याने इस्टेटीसाठी दोऱ्या बांधल्या आणि फॉस्फरस फासला’ असं निघालं, की त्याला तीनशे पानं फुकट गेल्यासारखी वाटतात. दुसरा वाचक कडी आतून होती का, दिवा कधी विझला, त्या वेळी कोण कुठे होतं, याचा मनात हिशोब ठेवत वाचतो. त्याला ‘आत्म्याने केलं’ हे उत्तर चालत नाही. राग दोघांचाही लेखकावर निघतो आणि त्या लेखकाचं दुसरं पुस्तक ते हातात घेत नाहीत. प्रत्यक्षात लेखकाचा काही दोष नसतो. पुस्तक चुकीच्या हातात दिलेलं असतं.

एवढं सांगून झालं की मग लांबी, कुठे रेंगाळतं ते, मालिका असेल तर क्रम आणि कोणती प्रत घ्यावी. ‘ड्रॅक्युला’चंच (१८९७) बघा. ‘क्लासिक आहे’ म्हणून ते हातात देतात आणि अर्ध्यावर परत येतं. प्रकरणं २७, सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणांतून उलगडत जाणारी. पहिली चार म्हणजे काउंट ड्रॅक्युलाकडे कामासाठी गेलेल्या हार्करची किल्ल्यातली डायरी, ती सोडवत नाही. पाचव्यात मीना आणि ल्यूसीची पत्रं सुरू होतात, काउंट नजरेआड होतो, आणि वाचक गळतात ते इथेच. ‘पाच आणि सहा नेटाने काढा, सातव्यात जहाजाची नोंदवही येते’ एवढं वाक्य जोडलं तर पुस्तक पूर्ण होण्याची शक्यता बरीच वाढते.

रातकिडा
प्रकरणांचा हिशोब मान्य. पहिल्या ओळीला मात्र ठाम विरोध.

‘भूत आहे की नाही’ हीच तर यातल्या कित्येक पुस्तकांची खरी गोष्ट असते. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय घ्या (हे १९५२पासून पुण्यात राहत होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे). त्यांचा गुप्तहेर व्योमकेश बक्षी पुराव्याशिवाय काही मानत नाही. त्यांचाच बरदा भुताखेतांवर पूर्ण विश्वास ठेवणारा, आणि त्याच्या वेगळ्या कथा आहेत, त्यात भुतं असतात. ‘व्योमकेश ओ बरदा’ या कथेत लेखकाने या दोघांना मुंगेरमध्ये समोरासमोर आणलंय. ही कथा वाचताना पहिल्या पानापासून एकच ओढ असते, की आता कुणाचं जग खरं ठरणार? तुमची पहिली ओळ ती ओढच संपवते.

हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ला (१८९८) काय लिहाल? आडबाजूचं घर, दोन मुलं, त्यांना सांभाळायला आलेली तरुण शिक्षिका, आणि तिला दिसणारी माणसं. ती खरी की तिच्या मनातली, यावर कित्येक दशकं वाद चालू आहे. ‘भूत आहे’ म्हणालात तर चूक, ‘नाही’ म्हणालात तरी चूक.

तपासणीस
मी टिटवींच्या बाजूने. रहस्यकथेत हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, कराराचा आहे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातला दुसराच नियम अमानवी शक्ती वर्ज्य असल्याचा आहे. वाचक डोकं लावतो तो उत्तर याच जगातलं असणार या भरवशावर. तो भरवसा त्याला आहे की नाही, हे वाचायच्या आधी कळलं पाहिजे. ‘होम्सची कथा आहे’ म्हटलं की हे आपोआप सांगितलं जातं. म्हणून ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ सुचवताना वेगळं काही बोलावं लागत नाही. माळरानावरच्या कुत्र्याची दंतकथा वाचकाला घाबरवते आणि तरीही तो पुरावे गोळा करत राहतो, कारण होम्स आहे. उत्तर कुठल्या जातीचं आहे हे माहीत असूनही धाक कमी होत नाही. रातकिडा, तुमच्या मुद्द्याला हेच उत्तर.

खरं नुकसान करतो तो दुसराच एक शब्द: ‘ट्विस्ट’. ‘शेवटी असा धक्का आहे ना!’ हे ऐकलेला वाचक तिसऱ्या प्रकरणापासून प्रत्येक सरळ वाक्याकडे संशयाने बघतो. ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’सोबत (१९२६) हे हमखास होतं. ते पुस्तक देताना तीनच गोष्टी सांगायच्या: खेडेगाव आहे, तिचा गुप्तहेर पोयरो आहे, घाई न करता वाचा. ‘तिचं सर्वांत वादग्रस्त पुस्तक’ हेसुद्धा म्हणायचं नाही. एखाद्याने ख्रिस्ती अजिबात वाचली नसेल, तर हे पहिलं देऊच नये. आधी तिची दोन-तीन साधी पुस्तकं होऊ द्यावीत. तिच्या चौकटीची सवय झाली की मगच या पुस्तकाची ताकद कळते.

पिंपळपान
तुम्ही सगळे कादंबऱ्यांवर बोलताय. मराठीत या प्रकारातलं उत्तम लेखन बरंचसं कथेत आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंचे नियम कोलमडतात.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घ्या. कथा दहा-पंधरा पानांची. सुरुवात अगदी साध्या घरात, साध्या माणसांत, आणि जमीन सरकते ती बऱ्याचदा शेवटच्या अर्ध्या पानात. इथे ‘अमानवी आहे’ एवढं म्हटलंत तरी कथा संपली. म्हणून कथा सुचवायची नाही, संग्रह सुचवायचा: ‘खेकडा’, ‘गहिरे पाणी’, ‘मध्यरात्रीचे पडघम’. सोबत वाचायची रीत सांगायची. एका बैठकीत दोन कथा, जास्त नाही. सलग सहा वाचल्या की मन कलाटणीची वाट बघायला लागतं आणि सातवी कथा कितीही चांगली असली तरी तिचा परिणाम उतरतो. ‘मतकरी नंतर नंतर एकसुरी वाटतात’ अशी तक्रार करणाऱ्यांनी संग्रह बहुधा एका रात्रीत संपवलेला असतो.

नारायण धारपांच्या समर्थकथांचं नेमकं उलट. अमानवी शक्तींशी झुंजणाऱ्या समर्थांच्या या कथा अप्पा जोशी सांगायला लागले की समोरची शक्ती खरी आहे हे गृहीतच. तिथे प्रश्न ‘आहे का?’ असा नसतोच. ती काय आहे, कुठून आली आणि कशी थोपवायची, यावर कथा चालते. तिथे टिटवींची पहिली ओळ खुशाल लिहा, काही बिघडत नाही.

वाडा नं. १३
धारपांचं नाव निघालं म्हणून एक मुद्दा, ज्यावर या क्षेत्रात मुद्दाम गप्प बसलं जातं. मूळ कुठलं हे सांगायचं की नाही?

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी आणि स्टीफन किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ यांचं नातं जगजाहीर आहे. धारपांचीच ‘आजी’ ही कथा आणि किंगच्या ‘स्केलेटन क्रू’ (१९८५) संग्रहातली ‘ग्रामा’ यांचंही तसंच. ज्याने किंग वाचलाय त्याला न सांगता ‘लुचाई’ दिलीत, तर पन्नासेक पानांत त्याच्या लक्षात येतं आणि तो धारपांना कायमचं ‘नक्कल’ म्हणून मोकळा होतो. हा धारपांवर अन्याय आहे. त्यांनी ती भीती मराठी गावात, मराठी घरात, इथल्या देवाधर्माच्या समजुतींत रुजवली, आणि ते काम साधं नाही. म्हणून किंग वाचलेल्याला समर्थकथांपासून सुरू करून द्या. न वाचलेल्याला थेट ‘लुचाई’ द्या, आणि मूळ कोणतं ते वाचून झाल्यावर सांगा.

आणखी एक नेहमीचा घोटाळा. ‘तुंबाड’ चित्रपट (२०१८) आवडला म्हणून लोक श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ मागवतात. चित्रपटाने तिथून नाव घेतलं, भीतीचं मूळ धारपांच्या कथेत आहे. ‘तुंबाडचे खोत’ ही जगबुडीकाठच्या एका घराण्याच्या पिढ्यांची दोन खंडांची कादंबरी आहे. मोठं पुस्तक आहे, जरूर वाचावं, पण चित्रपटातल्या राक्षसी हस्तरची वाट बघत वाचणारा पहिल्या खंडातच थांबतो.

टिटवी
पिंपळपान, कथांबाबत तुमचं म्हणणं पटलं, पहिली ओळ कादंबऱ्यांपुरती ठेवू. वाडा, ‘मूळ नंतर सांगा’ याला मात्र विरोध. पाचशे रुपये खर्च करणाऱ्याला हे रूपांतर आहे हे आधीच कळायला हवं. त्याने काय वाचलंय हे तुम्हाला दर वेळी कुठून ठाऊक असणार?

रातकिडा, ‘टर्न ऑफ द स्क्रू’साठी माझ्याकडे तिसरी ओळ आहे: ‘याचं उत्तर पुस्तक देत नाही.’ हे न सांगता दिलं तर वाचक शेवटचं पान उलटून पुढे काही छापायचं राहिलं का बघतो. शिवाय लांबच लांब वाक्यं, वाक्यात वाक्य. पुस्तक लहान आहे म्हणून ‘एका संध्याकाळी होईल’ असं अजिबात सांगू नका.

रातकिडा
‘उत्तर देत नाही’ हेही उत्तरच झालं. असो, तो एक अपवाद धरू.

पण तुमची रीत पुढे कुठे जाते ते पाहा. आता शिफारशीत ‘सावधान’चीही यादी असते: लहान मुलाचा मृत्यू, प्राण्यांवर क्रौर्य, आत्महत्या. किंगच्या ‘पेट सेमेटरी’वर (१९८३) ही यादी लावली की कादंबरी ज्या घटनेवर उभी आहे तीच उघडी पडते.

पिंपळपान
आणि न लावता नुकतंच मूल झालेल्या आईबापाच्या हातात ती कादंबरी देणार? स्वतः किंगला ती इतकी जड वाटली होती, की त्याने ती काही काळ छापायला दिली नव्हती. इथे मी रातकिडांच्या विरोधात आहे. उपाय सोपा आहे. यादी सगळ्यांसमोर वाचायची नाही. ‘घरातल्या मृत्यूबद्दल वाचायला सध्या जड जाईल का?’ एवढं समोरच्याला विचारायचं. ‘हो’ म्हणाला तर दुसरं पुस्तक द्यायचं, का ते सांगायची गरज नाही. कथानक फुटत नाही आणि माणूसही दुखावत नाही.

रातकिडा
विचारून देणं मान्य. छापील यादीला विरोध कायम.

नवखी
सुहास शिरवळकरांची ‘समांतर’ वाचायची आहे, पण वेबमालिका आधीच पाहिली आहे. मजा जाईल का? आणि जुन्या मराठी रहस्यकथांत सुरुवात कुठून करू?

वाडा नं. १३
मध्यवर्ती कल्पना, म्हणजे एका माणसाचं आयुष्य दुसरा आधीच जगून गेलाय, ही तुम्हाला कळलीच आहे. तो पहिला धक्का पुस्तकात मिळणार नाही. तरी वाचा. पडद्यावर प्रसंग दिसतो, पुस्तकात माणसाच्या डोक्यात चाललेली ओढाताण मिळते, आणि या कल्पनेचं खरं बळ त्या ओढाताणीत आहे. मालिका अगदी ताजी असेल तर काही महिने जाऊ द्या.

तपासणीस
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं हजाराच्या वर आहेत, तिथे शीर्षकावरून शोधायला गेलात तर हरवाल. नायक धरून जा: झुंजार, काळापहाड, धनंजय. प्रत्येकाची दोन-दोन वाचा, जो आवडेल त्याच्या मागे लागा. पुस्तकं पातळ, वेग प्रचंड. पुराव्यांचं गणित ख्रिस्तीसारखं घट्ट असेल अशी अपेक्षा नको, इथे धावपळ आणि वेषांतर आहे. कोडं सोडवायची हौस असेल तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा घ्या, अशोक जैन यांचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलेत.

अर्नाळकर बहुतेक वेळा जुन्या बाजारातच मिळतील, तर पैसे देण्याआधी प्रत तपासा. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत, बांधलेलं असतं, फर्मा साधारण १६ पानांचा. जुना डिंक वाळला की टोकाचे फर्मे आधी सुटतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा. मुखपृष्ठ शाबूत दिसतं आणि आतला उलगडाच गायब असतो. मागून उघडा आणि शेवटचा पृष्ठक्रमांक बघा. वाक्य पूर्ण होऊन खाली ‘समाप्त’ किंवा प्रकाशकाची जाहिरात आहे का, ते पाहा. मग १६, ३२, ४८ अशा टप्प्यांवर क्रमांक सलग आहेत ना ते चाळा, कारण मधला फर्माही निसटलेला असतो. दोन प्रती एकत्र शिवलेल्या मिळाल्या तर दुसरीचंही तेच करा. आणि हे करताना शेवटच्या पानावरचा मजकूर वाचू नका. फक्त क्रमांकावर बोट ठेवा.

टिटवी
नवखी, दिवाळीत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे अंकही बघा. रहस्य, गूढ, विज्ञानकथा सगळं एकत्र मिळतं. कुठली कथा कुठल्या जातीची, ते अनुक्रमणिकेत कित्येकदा आधीच छापलेलं असतं.

रातकिडा
नवखी, तेवढी अनुक्रमणिका सोडून थेट कथेवर या.