गळ्याइतकाच इतिहासही

कुणीतरी म्हटलंय की ऑपेरा गायिकेने ट्यूडर (म्हणजे एलिझाबेथच्या इंग्लिश राजघराण्याचा) इतिहास वाचला काय, न वाचला काय, सूर लागला म्हणजे झालं. मला नाही पटत. इटालियन संगीतकार डोनिझेत्तीच्या 'मारिया स्टुआर्दा' या ऑपेरामध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली आणि स्कॉटलंडची राणी मेरी समोरासमोर येऊन एकमेकींचा उद्धार करतात. प्रत्यक्षात दोघी जन्मात कधी भेटल्याच नाहीत! ती भेट जर्मन नाटककार शिलरच्या नाटकातून आलेली. म्हणजे नुसत्या संहितेवर विसंबणं धोक्याचंच.

अमेरिकन ऑपेरा गायिका बेव्हर्ली सिल्सचं बघा. १९७० मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात डोनिझेत्तीच्याच 'रोबेर्तो देव्हेरो'तली एलिझाबेथ तिने केली, तेव्हा तिचं वय ४१. त्यातला नायक देव्हेरो म्हणजे राणीचा मर्जीतला सरदार, एसेक्सचा अर्ल; त्याचा शिरच्छेद १६०१ चा, म्हणजे राणी ६७ वर्षांची! सिल्सने मेकअपने चेहरा म्हातारा केला, पंचवीसेक किलोचा पोशाख अंगावर चढवला आणि त्यात बेल कांतोच्या (सुरेल, लवचिक गळ्याच्या इटालियन गायनशैलीच्या) ताना घेतल्या. (श्वास कुठे घेत असेल, देव जाणे.) पुढे डोनिझेत्तीच्या ऑपेरांतल्या मेरी आणि अ‍ॅन बोलीन (एलिझाबेथची आई) याही तिने केल्या. २०१५-१६ मध्ये गायिका सोंद्रा रॅडव्हानोव्स्कीने या तिन्ही राण्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या एकाच हंगामात गायल्या, तेही थोर काम. पण म्हातारी, चिडकी एलिझाबेथ बघायची तर सिल्सच्या 'रोबेर्तो देव्हेरो'चं १९७५ चं, अमेरिकेतल्या वुल्फ ट्रॅप रंगमंचावरचं चित्रीकरण शोधाच.